चिंध्यांची विश्वामित्री

[पडद्यावर: जमिनीवर अंथरलेली जुनी सुती चादर. एक हात तिच्यावर कापडाचे बारीक तुकडे सोडतो आहे.]

हे पाणी आहे. अजून तसं वाटत नाही, पण होईल.

रांगोळी सोडावी तशी आत्या चिमटीतून कापडाचा चुरा सोडते आहे. शेवाळी, राखी, मातकट, मधूनच एखादा निळा. नखापेक्षा मोठा तुकडा यात नाही. नदी बडोद्याची विश्वामित्री आहे, त्यामुळे निळ्यावर हात राखूनच.

माझी आत्या बडोद्याला दांडिया बाजारात राहते. चाळीस वर्षं तिने ब्लाउज शिवले, आता चित्रं शिवते. समोरचं चित्र चार फूट बाय तीन फूट आहे: डावीकडे वड, उजवीकडे नदी, आणि काठावर एक मगर.

गणपती उठले की मंगळबाजार, नवाबाजार भागातल्या दरज्यांकडे चणियाचोळ्यांचे ढीग लागतात. घागऱ्याचा घेर कळ्यांचा असतो. कळी वर निमुळती, खाली रुंद. दोन कळ्या कापल्या की कडेने लांब, टोकदार पट्टी उरते, आणि ती पट्टी कुणाच्याच कामाची नसते. आत्या ती पोत्याने आणते. घरात आल्या आल्या म्हणते, "पारंब्या आणल्या गं!" आणि खरंच, चादरीवर त्या उभ्या मांडल्या की दुसरं काही करावंच लागत नाही. या शहराचं नावच वडावरून पडलेलं, वटोदर, वडाच्या पोटातलं गाव. म्हणून तिच्या प्रत्येक चित्रात वड कुठेतरी असतोच.

[पडद्यावर: आजीची गोधडी. कडेपासून आत आत येणारे धावदोरे.]

ही गोधडी माझ्या आजीची, म्हणजे आत्याच्या आईची. आत जुनं लुगडं, वर ठिगळं. आजी एकेका ठिगळावर बोट ठेवून सांगायची: हा ह्यांचा सदरा, हे तुझ्या बापाचं अंगडं, हा बारशाचा खण. गोधडीत तुकडा आपली ओळख सोडत नाही, आणि तिची ऊब निम्मी त्यातच असते. आत्याचं काम मात्र नेमकं उलटं. तिच्याकडे आलेल्या तुकड्याने आपण कुणाचे होतो हे विसरायचं आणि दगड व्हायचं, चिखल व्हायचं, पाण्यावरची तिरीप व्हायचं. मला हे फार अवघड वाटतं. ती म्हणते, तिलाही वाटतं.

कापडाने चित्र सजवणं बडोद्याला नवं नाही. इथे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनीच राजा रविवर्म्यांना चित्रं छापून घ्यायला सुचवलं होतं. 1894 साली मुंबईत छापखाना निघाला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. मग त्या छापील देवींना जरीचे, रेशमाचे तुकडे चिकटवून, टिकल्या लावून साड्या नेसवल्या जाऊ लागल्या. रविवर्म्यांची मूळ चित्रं लक्ष्मीविलास राजवाड्यात आहेत. आत्या ती बघायला गेली की पदराच्या चुण्यांपाशीच थांबते. उजेड कुठून येतो आणि घडीत कुठे बुडतो, तेवढंच तिला बघायचं असतं.

कारण कापडाचं चित्र रंगावर उभं राहत नाही, उजेड-अंधारावर राहतं. नवं चित्र मांडलं की ती मोबाइलवर फोटो काढते आणि त्यातला रंग काढून टाकते. मग कळतं, की डोळ्यांत भरणारा राणी रंग आणि शेजारचा हिरवा हे दोघं एकाच राखाडीचे आहेत आणि पान फांदीत हरवलंय. अशा वेळी ती नवं कापड शोधत नाही. तोच तुकडा उलटा करते. छापील कापडाची मागची बाजू फिकी असते, धुकं पडल्यासारखी. लांबचा काठ सगळा असा उलट्या कापडाचा आहे.

एकदा मोठी फजिती झाली. बांधणीचा लाल तुकडा न तपासता लावला, वरून ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली, आणि लाल रंग पार आकाशात उतरला. तीन दिवसांची शिलाई उसवावी लागली. त्या दिवशी ती जेवली नाही. आता प्रत्येक गडद तुकडा आधी ओल्या पांढऱ्या चिंधीखाली तापतो. चिंधीला डाग लागला तर तो बाद.

[पडद्यावर: मगरीची पाठ, अगदी जवळून.]

ही पाठ पँटपीसच्या कातरणांची आहे. करडी, तपकिरी, खाकी. कडा मुद्दाम उसवून दशा काढल्यात आणि कौलं चढवावीत तशा ओळी एकीवर एक बसवल्यात. मगरी या नदीत भर शहरात राहतात. जोराचा पाऊस झाला की वस्तीतही येतात. आत्याने लहानपणापासून पाहिलेल्या आहेत. तिच्या मगरीला भीती दाखवायची नाहीये, ती ऊन खात पडली आहे.

सगळं जमलं होतं. वडाच्या बुंध्यात मात्र एक ढोली होती आणि तिला पुरेल इतका काळोख घरात नव्हता. काळं पॉपलिन मेलेलं दिसायचं, सॅटिन चमकायचं. ट्रंकेत आजीची चंद्रकळा, काळी साडी, होती, विटत विटत मऊ झालेली. आत्याने ती आठवडाभर खुर्चीवर ठेवली. मग एका दुपारी, मी कॅमेरा लावायच्या आतच, कातरली. बघणाऱ्याला तिथे ढोलीच दिसते. तशीच दिसायला हवी.

आता पाण्यावर जाळीचं पातळ कापड येतं, गर्द निळं. पांढरी जाळी घातली तर सगळं धुरकट होतं, गडद जाळी नजरेला दिसतच नाही. खाली कापसाचा थर, त्याखाली अस्तर. कापड पुढे ढकलणारे मशीनचे दात झाकलेले, वरचा दाब काढलेला. कापड दोन्ही हातांनी फिरवायचं, सुई आपल्या जागी. पाण्यावर आडवे टाके, पारंब्यांवर उभे. शिवता शिवता चित्र इंचभर आत येतं, म्हणून चादर आधीच मोठी घेतलेली असते.

"थांब, मागून बघ," आत्या म्हणते.

[पडद्यावर: चित्र उलटं होतं. पांढरं अस्तर.]

इथे एकही चिंधी नाही. नुसता दोरा आहे. वड आहे, नदी आहे, मगर आहे, आणि ढोलीच्या जागी गोल गोल फिरत आत गेलेला काळा टाका.