अंगणातली चिमणी

[दृश्य: फोनवर टिपलेलं, थोडं हलणारं चित्रण. अंधारं अंगण. मातीचं पोटफुगं भांडं, त्याच्या तोंडात जाळ.]

डिसेंबरची रात्र. ठिकाण सॅन अँटोनियो, टेक्सस. आमच्या घरामागचं अंगण. आता एक आवाज येईल, तो नीट ऐका.

[आवाज: ठक्. मग शांतता.]

हा लाकडाचा आवाज नाही. लाकूड तडतडत राहतं, हा एकदाच झाला. माझ्या मागे आई उभी होती, साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेली. तिने वाकून पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "गेली. अगं, ओल्या मडक्यात एवढा जाळ घालतात का कुणी?"

मी घातला होता. चार दिवस आधी हायवेलगतच्या एका दुकानातून ही वस्तू आणली होती. दुकान कसलं, कुंपण घातलेलं मोकळं मैदान. कुंड्या, मातीचे सूर्य, बेडूक, कासवं, आणि मागच्या रांगेत पावसात भिजत उभ्या असलेल्या या. विकणाऱ्याने ‘एकदम पारंपरिक मेक्सिकन’ असं दोनदा सांगितलं. पहिला जाळ किती घालायचा ते सांगितलं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

[दृश्य: दिवसाउजेडी तेच भांडं. कॅमेरा हळूहळू वर सरकतो. खांद्यावर केसाएवढी भेग.]

हिला इथे ‘चिमिनिया’ म्हणतात. मूळ स्पॅनिश उच्चार चिमेनेआ. खाली लोखंडी तिवई. तिच्यावर रांजणासारखं पोट, पोटाला समोरून तोंड. वर निमुळती होत गेलेली मान, तोच धुराडा. उंची माझ्या छातीपर्यंत. तोंडातून लाकूड सारायचं, धूर मानेतून आकाशात जातो आणि ऊब समोर बसलेल्यांना मिळते. चारही बाजूंनी ऊब देणारी ही शेकोटी नाही. हिला एक तोंड आहे, आणि माणसं त्या तोंडासमोर बसतात.

या नावाशी आपलं नातं आहे, जरा लांबचं. भट्टीला ग्रीक शब्द कामिनोस. लॅटिनने तो उचलला, फ्रेंचमध्ये त्याचं शमिने झालं. तिथून एक वाट स्पेनला गेली, तिथे चिमेनेआ. दुसरी इंग्लंडला गेली, तिथे चिमनी. आणि इंग्रजांबरोबर तो शब्द आपल्याकडे आला तेव्हा आपण त्याला घरच्या पाखराचं नाव देऊन टाकलं. गिरणीची चिमणी, रॉकेलची चिमणी. म्हणजे माझ्या अंगणात तडकली ती चिमणीच.

[दृश्य: मेक्सिको. डोंगराळ गाव, कौलं, एका छपरावरून निघणारा धूर.]

पण मेक्सिकोतल्या एखाद्या गावात जाऊन ‘चिमेनेआ कुठे आहे’ असं विचारलं, तर लोक छपराकडे बोट दाखवतील, नाहीतर दिवाणखान्याच्या भिंतीतल्या शेकोटीकडे. तिथे त्या शब्दाचा अर्थ तेवढाच. अंगणात तिवईवर उभं राहणारं मातीचं भांडं म्हणजे चिमिनिया, हा अर्थ सरहद्दीच्या अलीकडे रुळला.

तिथली खरी जुनी आग बघायची तर खाली, जमिनीकडे बघावं लागतं.

[दृश्य: तीन दगड, मध्ये जाळ, वर मातीचा तवा. बाईचे हात मक्याची भाकरी उलटतात.]

तीन दगड. नावात्ल या तिथल्या जुन्या भाषेत या चुलीला त्लेक्विल म्हणतात, वरच्या मातीच्या तव्याला कोमाल. नव्या कोमालला आधी चुन्याचं पाणी फासतात, म्हणजे भाकरी, तिथली तोर्तिया, चिकटत नाही. तीन दगडांची चूल मराठी माणसाला काय समजावून सांगायची!

[दृश्य: जुन्या चित्रपोथीचं पान. मुलगी वाकून पाट्यावर मका वाटते आहे; शेजारी तवा, खाली दगड.]

हे पान मेंदोसा पोथीतलं. स्पॅनिश सत्ता येऊन वीस वर्षं झाली असतील-नसतील, १५४१च्या सुमारास मेक्सिको शहरात ही पोथी तयार झाली. आज ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. आई मुलीला तोर्तिया शिकवते आहे. मुलीचं वय सांगायला चित्रकाराने ठिपके काढलेत. मोजा, तेरा आहेत. आणि तिच्या वाट्याला एका जेवणात किती तोर्तिया, तेही काढलंय. दोन.

मुलगी जन्मली की तिची नाळ चुलीजवळ पुरायची आणि मुलाची रणांगणावर, असं बेर्नार्दिनो दे साहागुन या पाद्र्याने स्थानिक म्हाताऱ्यांकडून ऐकून लिहून ठेवलंय. स्पॅनिश येण्याआधी इथे आस्तेकांचं राज्य होतं. दर ५२ वर्षांनी त्यांचं कालचक्र पुरं व्हायचं, तेव्हा घराघरातली चूल विझवायची, चुलीचे दगडसुद्धा पाण्यात टाकून द्यायचे. सारं खोरं अंधारात. मग आजच्या मेक्सिको शहरातल्या इस्तापालापाच्या टेकडीवर, बळी दिलेल्या माणसाच्या छातीवर लाकडावर लाकूड घुसळून नवा अग्नी काढायचा आणि पलित्यांनी घरोघर पोचवायचा. शेवटचा असा अग्नी १५०७ साली काढला गेला. पुढची पाळी यायच्या आत राज्यच उरलं नव्हतं.

[दृश्य: संग्रहालय. मांडी घालून बसलेला सुरकुतलेला म्हातारा, डोक्यावर पसरट अग्निपात्र.]

हे आजोबा आस्तेकांच्याही खूप आधीचे. वेवेतेओत्ल, म्हणजे ‘म्हातारा देव’. शितले ज्वालामुखीच्या लाव्ह्याखाली गाडल्या गेलेल्या क्विक्विल्को या प्राचीन वस्तीत हा मातीचा सापडला, तेओतिवाकान या प्राचीन शहरात दगडाचा. पाठीला पोक, तोंडात दात कमी, आणि डोक्यावर शेगडी. अग्नीचा देव म्हटलं की डोळ्यांसमोर कुणी तेजस्वी, तरणाबांड येतो. इथे मात्र विस्तव सांभाळायला घरातला सगळ्यात म्हातारा माणूस बसवलाय. मला हा फार आवडतो.

आता यात एक गोष्ट कुठेच दिसली नाही. धुराडं. चूल आहे, शेगडी आहे. धूर छपराच्या फटींतून नाहीतर दारातून वाट काढायचा. भिंतीतलं धुराडं स्पॅनिश लोकांनी आणलं. पावाची घुमटाकार भट्टीही त्यांचीच, आणि चिमिनियाचं पोट पाहिलं की मला तीच भट्टी आठवते.

म्हणून ‘चारशे वर्षांची परंपरा’ अशी पाटी दिसली की मला त्यात दुकानदारीच जास्त दिसते. माती जुनी आहे, हात जुने आहेत, आगीभोवती बसणं तर फारच जुनं आहे. पण ही आकृती, हिरवळीवर खुर्च्या टाकून संध्याकाळी समोर बसण्यासाठी? १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या बागांमध्ये तिची लाट आली आणि कुंभारांना काम मिळालं. यात कमीपणा काही नाही. फक्त तिला आजीबाई म्हणू नका.

[दृश्य: बाजार. रस्त्याच्या दोन्ही कडांना मातीची भांडी, ताडपत्र्या, गर्दी.]

हालिस्को राज्यातलं ग्वादालाहारा शहर. त्याला चिकटून त्लाकेपाके आणि पलीकडे तोनाला, दोन्ही मातीकामाची गावं. तोनालाचा रस्त्यावरचा बाजार गुरुवारी आणि रविवारी. घोटून चकचकीत केलेली, हरणं-पाखरं रंगवलेली भांडी पुढे मांडतात. बागेतल्या अवजड मालाला तो मान नाही. तो गल्लीच्या आत, कारखान्यांच्या अंगणात उभा असतो.

[दृश्य: कारखान्याचं अंगण. मातीचा लोळा, पाय, हात. संगीत नाही.]

स्पॅनिश येईपर्यंत या देशात कुंभाराचं चाक नव्हतं. साचा होता, वळ्या होत्या, आणि आजही बरंच काम त्यावरच चालतं. मातीची जाड पोळी थापायची, ती उपड्या साच्यावर घालायची, हाताने चोपून बसवायची. या थापलेल्या पोळीला कुंभारही तोर्तियाच म्हणतात. झाला पोटाचा तळ. त्यावर मनगटाएवढ्या वळ्या चढवत जायचं. आतून एक हात, बाहेरून दुसरा. एका दिवसात सगळी उंची गाठता येत नाही, कारण खालची माती वरचा भार घेण्याइतकी ताठ व्हायला हवी. खांद्याशी आलं की मान बसवायची.

आता जवळून बघा. कारागीर अंगठ्याचं नख भिंतीवर ओढतोय. ओरखडा उठला, पण बोट दाबल्यावर ठसा उठला नाही. म्हणजे वेळ झाली. सुरी घेऊन पोटात कमान कापतो. कापलेला तुकडा बाहेर पडतो तो कलिंगडाच्या फोडीसारखा. उघड्या काठावर मातीची एक जाड वळी फिरवून ओठ करतो. हा ओठ शोभेचा नाही. कापलेली कड सगळ्यात आधी तडकते, तिला ही कंबरपट्टी.

दुसरी कमजोर जागा म्हणजे मान आणि पोट यांचा सांधा. उचलताना सगळ्यांचा हात आपसूक मानेकडे जातो, मूठ बसायला सोयीची म्हणून. तिथेच घात. दोघांनी मिळून पोटाखालून उचलायची.

मग लाकडाची भट्टी. ही माती कमी आचेवर भाजतात, चिनी मातीसारखी काचेगत घट्ट होत नाही, सच्छिद्र राहते. माठ पाझरतो ना, तशीच. माठात ती कला, इथे तीच खोड.

[दृश्य: पेंढ्यात गुंडाळलेल्या चिमिनियांची रांग ट्रकमध्ये. मग हायवे, लारेडोचा पूल.]

तोनाला ते सरहद्दीवरचं लारेडो, लारेडोहून आय-३५ हायवेने सॅन अँटोनियो. हजार किलोमीटरहून जास्त रस्ता, पेंढ्यात बसून.

[दृश्य: पुन्हा आमचं अंगण. तडकलेली चिमिनिया उलटी, आत बॅटरीचा उजेड.]

आता माझ्या चुकीचा पंचनामा.

पाऊस झाला, छिद्रांत पाणी मुरलं. मी मेस्कीटची सुकी लाकडं भरली. मेस्कीट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची चुलत बहीण, तशीच काटेरी, तशीच रग असलेली. तिचा जाळ म्हणजे जाळ. भिंतीतल्या पाण्याची वाफ व्हायला लागली. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १७०० पट जागा मागतं, आणि भिंतीतून तितक्या वेगाने वाट मिळत नाही. त्यात आतली बाजू तापून फुगली, बाहेरची डिसेंबरच्या वाऱ्यात गार. मातीतून उष्णता सावकाश जाते, त्यामुळे एकाच भिंतीत दोन मतं झाली. ठक्.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना धुराड्याची ओढ सांगायला नको. मधल्या नळीतली हवा तापली की वर पळायची, खालून नवी हवा आत खेचायची, आणि बंब हूऽऽ असा घुमायचा. चिमिनियाही तशीच ओढते. म्हणून थोडं लाकूडही जोरात जळतं, आणि नवख्याला वाटतं अजून घालावं. मानेतून ज्वाळा बाहेर दिसायला लागल्या तर फोटो काढू नका. लाकूड जास्त झालंय.

बंब मात्र तांब्याचा होता, पोटात पाणी घेऊन बसायचा. तो तडकायची भीती नव्हती.

लोखंडी आणि ॲल्युमिनियमच्या चिमिनियाही मिळतात. त्या तडकत नाहीत. लोखंडाला गंज चढतो, आणि पोराचा हात लागला तर फोड येतो. त्यांच्याबद्दल याहून जास्त मला काही म्हणायचं नाही.

[दृश्य: तेच दुकान, फेब्रुवारी. आई रांगेतून चालते आहे.]

दुसऱ्या खेपेला आईला घेऊन गेले. तिला ना इंग्रजी, ना स्पॅनिश. ती रांगेत शिरली आणि बोटाच्या पेराने एकेक वाजवत चालली. टण. टण. बद्द. पुढे. टण. दुकानात त्या दिवशी एक म्हातारे मेक्सिकन गृहस्थ होते. ते हातातलं काम टाकून बघत उभे राहिले. मग तिच्या मागोमाग गेले आणि ‘बद्द’ आली होती तिला स्वतः वाजवलं, कान लावला, आणि ती ओढून बाजूला काढली.

[दृश्य: नवी चिमिनिया. आत वाळू ओतणारे हात.]

तळाशी वाळू, तोंडाच्या काठाखाली दोन-तीन बोटं राहील इतकी. जाळ थेट तळाला भिडत नाही आणि लाकूड तोंडाशी येतं. पहिले आठ दिवस उन्हात नुसती ठेवली. मग पहिला जाळ, कागद आणि चार काटक्या. विझला तसा विझू दिला. वरून पाणी ओतायचं नाही, कितीही घाई असली तरी. दुसऱ्या दिवशी काटक्या सहा. असं सात दिवस. पाऊस आला की वर ताडपत्री. आठव्या दिवशी पहिलं खरं लाकूड, पिन्यॉन पाइनचं. हे मेक्सिकोतल्या आणि न्यू मेक्सिकोतल्या डोंगरांतलं झाड; याच्या शेंगदाण्याएवढ्या बिया लोक खातात आणि राळेचा वास देवळातल्या धुपाच्या जवळ जातो. डासही पळतात म्हणे. आमच्याकडचे सगळे पळाले नाहीत.

[दृश्य: रात्र. नव्या चिमिनियाच्या तोंडात स्थिर जाळ. दोन खुर्च्या.]

आई लाकूड सारायला पुढे वाकली, मला म्हणाली, "फुंकणी नाही का गं तुझ्याकडे?"

म्हटलं, "आई, हिला लागत नाही. ही आपली आपण ओढते."

तिने मानेतून वर जाणाऱ्या धुराकडे पाहिलं. खुर्ची थोडी पुढे ओढली. मग पायताण काढून तळवे जाळासमोर धरले.

[आवाज: लाकडाची तडतड. दूरवर हायवे. दृश्य काळं होतं, आवाज थोडा वेळ चालू राहतो.]