पित्ताशय काढल्यानंतरचे दिवस

ऑपरेशन पोटाचं झालं, मग खांदा का दुखतोय?

पित्ताशय काढलेल्या अनेकांना भूल उतरल्यावर हा प्रश्न पडतो. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. त्याशिवाय सर्जनला आतलं नीट दिसत नाही. शेवटी हा वायू काढून टाकतात, तरी थोडा मागे उरतोच. तो छाती आणि पोटामधल्या श्वासपटलाला डिवचतो. श्वासपटलाची नस निघते मानेतून, आणि खांद्याच्या संवेदनाही तिथेच पोचतात. त्यामुळे मेंदूला वाटतं, कळ खांद्यातूनच येतेय. दोन-तीन दिवसांत शरीर हा वायू शोषून घेतं आणि खांदा मोकळा होतो. एवढी साधी गोष्ट रुग्णाला ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवी. निम्मी भीती तिथेच जाईल.

१८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा पित्ताशय काढलं. पुढची शंभर वर्षं त्यासाठी पोटावर मोठा छेद घ्यावा लागत होता. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिक म्यूहे यांनी ते दुर्बिणीतून काढलं. आता बहुतेकदा तीन-चार बारीक छेदांत काम होतं आणि रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो.

पण बाहेरून जखम एवढीशी दिसते, म्हणून आतलं सगळं भरून आलं असं समजू नका. पलंगावरून उठताना पाहा. सरळ उठायला गेलं की टाक्यांवर ताण येतो. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या रेट्यावर उठायचं. खोकला किंवा शिंक आली, तर उशी पोटाशी घट्ट धरायची. आणि चालायचं. थोडंच, पण पहिल्या दिवसापासून. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत, म्हणून हे चालणं महत्त्वाचं.

आता जेवणाचं. पित्त तयार होतं यकृतात, आणि ते काम आताही चालूच राहतं. पित्ताशय ते फक्त साठवून घट्ट करायचं. आता पित्त थेट आतड्यात झिरपत राहतं. म्हणून सुरुवातीला तेलकट, तुपकट एकदम खाल्लं, तर पोट फुगतं, जुलाब होतात. काहींना उलट वेदनाशामक गोळ्यांमुळे शौचाला खडा होतो. थोडं थोडं, चार-पाच वेळा खा आणि एकेक पदार्थ वाढवत न्या. बहुतेकांना जन्मभर पथ्य पाळावं लागत नाही.

बसून करायचं काम असेल, तर साधारण एक-दोन आठवड्यांत कामावर परतता येतं. मोठा छेद घेतला असेल, तर सहा ते आठ आठवडे धरून चाला. जड वजन मात्र सर्जन सांगेपर्यंत उचलू नका. घाई केली, तर छेदाच्या जागी हर्निया होऊ शकतो.

दुखणं रोज थोडं थोडं कमी होत जायला हवं. ते वाढतंय, ताप किंवा थंडी वाजून येतेय, डोळे पिवळे दिसताहेत, लघवी गडद आणि शौच पांढुरकी होतेय, उलट्या थांबत नाहीत, जखमेतून पू येतोय, अशातलं एक जरी दिसलं, तर फेरतपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर तडक तातडीच्या विभागात जा.