आधी विचारणार कोण? सांगली जिल्ह्यातील कर्करोग तपासणीविषयी

(दृश्य : मिरज स्थानकाबाहेरचा रस्ता. रुग्णालयांच्या पाट्या, औषधांची दुकाने, एक्स-रेची पाकिटे हातात घेऊन निघालेली माणसे.)

मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय उभे केले आणि तेव्हापासून सांगली जिल्ह्यातलाच नव्हे, तर सीमेपलीकडच्या कर्नाटकातला रुग्णही अवघड दुखणे घेऊन मिरजेची वाट धरत आला आहे. आज येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि कर्करोगावर उपचार करणारे रुग्णालयही आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव या तालुक्यांतल्या माणसाला उपचारासाठी मुंबईच गाठली पाहिजे, असे आता उरलेले नाही.

तरीही गर्भाशयमुखाच्या, स्तनाच्या आणि तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण डॉक्टरांसमोर येतात ते बहुधा अंगावरून रक्त जाऊ लागल्यावर, गाठ हाताला स्पष्ट लागू लागल्यावर किंवा घास गिळेनासा झाल्यावर. देशभर हेच चित्र आहे. खरे तर याच तीन कर्करोगांची चाहूल साध्या तपासणीने बरीच आधी लागू शकते. म्हणूनच ३० वर्षांवरील स्त्रीपुरुषांची या तीन कर्करोगांसाठी गावपातळीवर तपासणी व्हावी आणि ती दर पाच वर्षांनी पुन्हा व्हावी, असे केंद्र सरकारच्या कार्यक्रमात २०१६ मध्येच ठरले. तपासणी विनामूल्य आहे आणि ती गावच्या आरोग्य उपकेंद्रापर्यंत आलेली आहे.

प्रत्यक्षात काय घडले, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने २०१९ ते २०२१ या काळात मोजले. ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया देशात १.९ टक्के निघाल्या. स्तनांची तपासणी झालेल्या ०.९ टक्के होत्या. तोंडाची तपासणी स्त्रियांत ०.९ टक्के आणि पुरुषांत १.२ टक्के जणांची झाली होती.

हे आकडे मांडले की एक उत्तर तयारच असते. खेड्यातल्या बायका लाजतात, त्या येत नाहीत, त्यांना कितीही सांगितले तरी उपयोग नाही, असे ते उत्तर. आम्हाला ते मान्य नाही, आणि त्याला पुरावा आहे. सोलापूर ओलांडले की लागणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून खेड्यापाड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना त्यात सामावून घेतले. ज्या गटाला गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीसाठी बोलावले, त्यातल्या सुमारे ८० टक्के स्त्रिया आल्या. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले की, आयुष्यात एकदाच झालेल्या त्या चाचणीमुळे त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले होते.

धाराशिवची शेतमजूर स्त्री जतच्या शेतमजूर स्त्रीहून वेगळी नाही. तीच कोरडवाहू शेती, तोच रोजगार, तोच संकोच. फरक एवढाच होता की, तिच्या घरी येऊन कोणीतरी नीट समजावून सांगितले, ठरावीक दिवशी बोलावले, तपासण्यासाठी प्रशिक्षित माणूस हजर ठेवले, आणि दोष आढळला तर उपचार कोठे व्हायचे हेही आधीच ठरवून ठेवले. म्हणजे ८० टक्के आणि दोन टक्के यांच्यामधले अंतर स्त्रियांच्या स्वभावाने पडलेले नाही.

(दृश्य : तासगाव तालुक्यातील द्राक्षबाग. घड विरळणाऱ्या स्त्रियांची रांग.)

गर्भाशयमुखाच्या पेशींत पहिला बदल झाल्यापासून त्याचा कर्करोग होईपर्यंत सर्वसाधारणपणे १५ ते २० वर्षे जातात. एवढ्या अवधीत तो बदल शोधून काढून टाकता येतो. पण या सर्व काळात त्या स्त्रीला काहीही दुखत नाही, आणि गावाकडे दवाखान्याची पायरी दुखल्याशिवाय चढली जात नाही. 'मला काय झालंय?' हा तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डिपिंग (घड संजीवकात बुडवणे) आणि विरळणी यांची घाई सुरू होते तेव्हा बागेतला एक दिवस बुडणे म्हणजे एका दिवसाचा रोजगार बुडणे होय, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी तो बुडवावा असे तिला कोणी पटवून दिलेले नसते. स्तनातल्या गाठीबाबत तर हा हिशेब आणखी घातक ठरतो, कारण दुखत नाही म्हणून गाठ साधी असावी असे समजून ती अंगावर काढली जाते. कर्करोगाची गाठ मात्र सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

याखाली आणखी थर आहेत. आतून तपासणी करायची म्हणजे कोण करणार, बाई की पुरुष, हे आधी कळत नाही. तपासणीतून काही निघाले तर पिशवीच काढायला सांगतील, अशी धास्ती असते, आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया आपल्याकडे ज्या सहजतेने सुचवल्या जातात ते पाहता ही धास्ती निराधार म्हणता येत नाही. पाळी गेल्यावर आता कशाची तपासणी, असे पन्नाशी उलटलेल्या स्त्रीला वाटते. हा आजार विषाणूमुळे होतो आणि तो शरीरसंबंधातून पसरतो हे अर्धवट कानावर आले, तर घरात भलताच संशय उभा राहील, ही भीती निराळीच. वास्तविक लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक माणसांना हा विषाणू कधी ना कधी गाठतो आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप नाहीसाही होतो; त्यावरून कोणाच्याही चारित्र्याचा निष्कर्ष निघत नाही. हे वाक्य शांतपणे सांगणारे माणूस भेटले, तर निम्मी भीती तेथेच ओसरते.

काही स्त्रिया तर मोजणीच्याच बाहेर राहतात. जत तालुक्यातून ऊसतोडीला गेलेल्या स्त्रीचे नाव गावच्या आशाताईंच्या वहीत असते, पण थंडीतल्या शिबिराच्या दिवशी ती फडावर असते. ज्या गावच्या फडावर ती असते, तेथल्या आशाताईंच्या वहीत तिचे नाव नसते.

(दृश्य : गावातील खाजगी दवाखाना. बाकड्यावर बसलेले रुग्ण, टेबलावर रक्तदाबाचे यंत्र.)

आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊ. आमच्या मते खरी अडचण येथे जास्त आहे, आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

कोणत्या गोष्टीमुळे माणूस तपासणीला जातो, याचा शोध जगभरातल्या अनेक अभ्यासांनी घेतला आहे, आणि त्यात पुन्हा पुन्हा वर येणारे कारण म्हणजे ओळखीच्या डॉक्टरांनी तसे सांगणे. भित्तिपत्रकापेक्षा, जाहिरातीपेक्षा, शिबिराच्या भोंग्यापेक्षा ते वजनदार ठरते. आपल्या गावात तर डॉक्टरांचा शब्द घरातल्या थोरामोठ्यांच्या शब्दाइतका मानला जातो. मग तो शब्द का निघत नाही?

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची सकाळ पाहिली की पहिले कारण डोळ्यांसमोर येते. ओपीडीची रांग दारापर्यंत आलेली असते, मध्येच प्रसूतीसाठी बोलावणे येते, लसीकरणाचा अहवाल आणि साथरोगांचे रोजचे आकडे वर पाठवायचे असतात. तापाने फणफणलेल्या माणसाला औषध लिहून देणे दोन मिनिटांत होते. निरोगी बाईला तिने न विचारलेल्या आजाराविषयी बोलते करायला दहा मिनिटे लागतात. खाजगी डॉक्टरांची गोष्ट याहून वेगळी नाही. गावात बसणारे डॉक्टर बहुधा आयुर्वेदाची किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेले असतात, आणि कर्करोगाची पूर्वतपासणी हा विषय पदवीनंतर त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचवला जातो. सरकारी कार्यक्रमाच्या प्रशिक्षणाला त्यांना बोलावणे नसते, वास्तविक गावातला पहिला रुग्ण त्यांच्याकडेच जातो. पुरुष डॉक्टर असेल तर तो हा विषय काढायला बिचकतो, कारण बोलण्याचा चुकीचा अर्थ निघाला तर वर्षानुवर्षांचा विश्वास क्षणात जातो.

शिवाय डॉक्टरांच्या मनात एक गैरसमज घर करून असतो, तो म्हणजे ही तपासणी आपणच करायला हवी आणि तिच्यासाठी आपल्याकडे ना वेळ आहे ना सोय. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून केलेल्या अभ्यासाने याचे उत्तर दिलेले आहे. तेथे सुमारे दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात तपासणीचे काम डॉक्टरांनी नव्हे, तर थोड्या मुदतीचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्री आरोग्यसेविकांनी केले, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. याच अभ्यासात हाताने केलेल्या स्तनांच्या तपासणीमुळे कर्करोग आधीच्या टप्प्यातच सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये त्याचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे डॉक्टरांनी फक्त विचारायचे आहे, सांगायचे आहे आणि उपकेंद्रातल्या सिस्टरांच्या नावाने चिठ्ठी द्यायची आहे.

(दृश्य : उपकेंद्रातील तपासणीची खोली. पडदा, लोखंडी टेबल, दिवा, ट्रेमध्ये उकळून ठेवलेली उपकरणे.)

गर्भाशयमुखाची तपासणी प्रत्यक्षात अशी होते. स्त्री टेबलावर आडवी होते, सिस्टर पडदा ओढतात आणि प्रत्येक कृती करण्यापूर्वी ती तोंडाने सांगतात. स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा ठेवणारे उपकरण, लावून पिशवीचे तोंड दिव्याच्या उजेडात पाहिले जाते. त्यावर तीन ते पाच टक्के असेटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरमधल्याच आम्लात, भिजवलेला कापसाचा बोळा टेकवतात आणि एक मिनिट थांबतात. पेशी बदललेल्या असतील तर तेवढा भाग पांढरट उठून दिसतो. रक्त काढावे लागत नाही, भूल द्यावी लागत नाही, आणि उत्तर तेथल्या तेथे मिळते. पाळी गेल्यानंतर मात्र पेशी बदलण्याची जागा आत सरकते आणि ही पद्धत तितकी भरवशाची राहत नाही. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती देते, जिचा नमुना स्त्री स्वतःसुद्धा घेऊ शकते. तो पर्याय आपल्या उपकेंद्रांत आला, तर संकोचाचा मोठा अडसर दूर होईल. तोपर्यंत दाराला कडी असणे, वीज गेल्यावर बॅटरीचा दिवा हाताशी असणे आणि त्याच खोलीत त्याच वेळी बाळांचे लसीकरण चालू नसणे, या गोष्टी कोणत्याही जनजागृतीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

तोंडाच्या तपासणीला तर पडदाही लागत नाही. हातमोजे, बॅटरी आणि दोन मिनिटे पुरतात. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, उघडायला त्रास होणारा जबडा, एवढे पाहायचे असते. केरळातल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील अभ्यासात तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये अशा तपासणीने तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे २००५ मध्ये दिसून आले. सांगलीत गुटखाबंदीनंतरही मावा खाणारा तरुण खोकल्यासाठी डॉक्टरांकडे येतोच. घसा पाहताना गालाची आतली बाजू पाहिली, तर तपासणी तेथेच झाली. स्त्रियांना मशेरीविषयी वेगळे विचारावे लागते, कारण दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून अनेकदा ती लावणाऱ्या स्त्रीला आपण तंबाखूच्या आहारी गेलो आहोत असे वाटतच नाही.

एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. या साथीत सांगली हा राज्यातील अधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो आणि त्यांची तपासणी पंचविशीपासूनच सुरू करण्याची शिफारस आहे. औषधांसाठी त्या एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात नियमितपणे येतात. ही तपासणी तेथेच जोडणे सर्वांत सोपे आहे.

(दृश्य : जत बसस्थानक. मिरजेकडे निघालेली एसटी.)

तपासणीला आलेल्यांपैकी पुष्कळ स्त्रिया निसटतात त्या गर्भाशयमुखावर पांढरा भाग दिसल्यानंतर. हा कर्करोग नव्हे, पुढची तपासणी हवी एवढाच त्याचा अर्थ आहे, हे त्याच टेबलाजवळ सांगितले गेले नाही, तर ती स्त्री घरी जाऊन कोणाला काही बोलत नाही. चिठ्ठीवर केवळ 'सिव्हिलला दाखवावे' असे लिहिले असेल, तर कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कोणाला, हे तिला कळत नाही. मोठ्या रुग्णालयातून तिचे पुढे काय झाले याचा निरोप उपकेंद्रात परत येत नाही, आणि मग आपण पाठवलेल्या स्त्रीला उपयोग झाला की नाही हे न कळलेले डॉक्टर पुढच्या स्त्रीला पाठवताना कचरतात. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. बसचे भाडे, सोबत येणाऱ्या माणसाचा बुडालेला रोजगार आणि निदानापर्यंतच्या फेऱ्या मात्र घरालाच सोसाव्या लागतात.

यावर करता येण्याजोगे काम मोठे नाही. चिठ्ठीवर वार आणि खोली लिहायची, त्याच दिवशी आणखी कोणी जाणार असेल तर दोघींना सोबत पाठवायचे, आणि पंधरा दिवसांनी आशाताईंनी घरी जाऊन विचारायचे. नोंदवहीत लिहिलेला मोबाईल नंबर पुष्कळदा नवऱ्याचा किंवा बाहेरगावी नोकरी करणाऱ्या मुलाचा असतो. तपासणीचा निरोप त्या नंबरवर पाठवण्यापूर्वी तो कोणाच्या हातात पडणार, हे त्या स्त्रीलाच विचारून घेतले पाहिजे, आणि ती नको म्हणाली तर निरोप तिला तोंडीच द्यायला हवा.