इंदिरा पॉइंटच्या पलीकडे

(दृश्य: समुद्राच्या पाण्यात उभा असलेला दीपस्तंभ)

हा इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ. ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक. याच्या खाली भारताची जमीन नाही. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात हा किनारा चार मीटरहून जास्त खचला आणि दीपस्तंभाचा पाया समुद्रात गेला. इथून चेन्नई दीड हजार किलोमीटरहून लांब आहे. आणि समोरचा इंडोनेशिया? दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईहून पुण्याला जाण्याइतकाच.

त्या सकाळी याच समुद्रानं पलीकडचं, सुमात्रा बेटाच्या आचे प्रांतातलं बांदा आचे शहर उद्ध्वस्त केलं. आपल्याकडे अंदमान-निकोबारमध्ये आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतकार्य चालू असतानाच नौदलानं 'निरूपक' या सर्वेक्षण जहाजाचं तरंगतं रुग्णालय केलं आणि ते इंडोनेशियाकडे रवाना केलं. मोहिमेचं नाव होतं 'ऑपरेशन गंभीर'.

भारत आणि इंडोनेशिया. जगातल्या सर्वांत मोठ्या लोकशाही देशांपैकी दोन. सामरिकदृष्ट्या हे दोघे किती जवळ येऊ शकतात, ते भाषणांपेक्षा या समुद्रावरून जास्त नीट कळतं.

(नकाशा: निकोबार, सुमात्रा आणि मलाक्काची सामुद्रधुनी)

निकोबार आणि सुमात्रा यांच्यामधल्या या पट्ट्याला 'सिक्स डिग्री चॅनल' म्हणतात. आखातातून निघालेली तेलवाहू जहाजं, सुएझकडून येणारी कंटेनरची जहाजं श्रीलंकेला वळसा घालून इथूनच मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरतात. चीन, जपान आणि दक्षिण कोरियाला लागणारं बरंचसं तेल याच वाटेनं जातं. वाटेच्या उत्तरेला आपण, दक्षिणेला इंडोनेशिया.

सामुद्रधुनीच्या तोंडाशीच वेह नावाचं बेट आहे आणि त्यावर सबांग बंदर. डच राजवटीत आगबोटी इथे कोळसा भरायला थांबत. पाणी खोल असल्यामुळे मोठी जहाजंही इथे लागू शकतात. मे 2018 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी जकार्ताला गेले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांच्यासोबत संबंधांना 'व्यापक सामरिक भागीदारी'चा दर्जा दिला गेला. त्याच जुलैत 'सुमित्रा' ही भारतीय युद्धनौका सबांगला जाऊन आली. आपल्याकडे बातम्या अशा आल्या, जणू सबांग भारताच्या हातात आलंच. तसं काही झालं नव्हतं. बंदराचा विकास अभ्यास आणि चर्चा यांच्या पुढे फारसा सरकला नाही, आणि दुसऱ्या देशाच्या नौदलाला तळ देणं इंडोनेशियाच्या धोरणात बसतही नाही.

ते धोरण समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

जुलै 1947. डच फौजा जावामध्ये पुढे सरकत होत्या. ओडिशाचे बिजू पटनायक स्वतः डाकोटा विमान घेऊन जावात उतरले आणि इंडोनेशियाचे नेते सुतान शारीर यांना बाहेर काढून दिल्लीला घेऊन आले. भारताला स्वातंत्र्य मिळायला अजून काही आठवडे बाकी होते. जानेवारी 1949 मध्ये नेहरूंनी इंडोनेशियाच्या प्रश्नावर दिल्लीत खास परिषद भरवली. 26 जानेवारी 1950 च्या आपल्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणे होते राष्ट्राध्यक्ष सुकर्णो. 1955 मध्ये इंडोनेशियात आशिया-आफ्रिकेतल्या देशांची बांडुंगची परिषद झाली.

आणि मग दहा वर्षांत सगळं विस्कटलं. 1965 च्या युद्धात सुकर्णो पाकिस्तानच्या बाजूनं उभे राहिले. पुढे लष्करशहा सुहार्तो सत्तेवर आले, पण जुनी जवळीक परत आली नाही. 1980 च्या दशकात तर अंदमानात वाढत चाललेल्या आपल्या नौदलाकडे जकार्तात संशयानंच पाहिलं जात होतं.

इंडोनेशियाचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी गणपतीच्या नोटेवर येते. 1998 ची ती 20 हजार रुपियांची नोट खरीच होती. ती केव्हाच चलनातून गेली, पण मोबाइलवर अजून फिरते. रामायण, प्रंबाननची देवळं, बाली, या सगळ्याचा मनापासून अभिमान वाटावा. पण सुकर्णोंना महाभारत आपल्याइतकंच जवळचं होतं, तरी 1965 टळलं नाही. संस्कृतीमुळे ओळख पटते. युद्धनौका एकत्र चालवायच्या तर वेगळी तयारी लागते.

ती तयारी गेली वीस-बावीस वर्षं गाजावाजा न होता चालू आहे, आणि या सगळ्या कहाणीतला मला सर्वांत आश्वासक वाटणारा भाग हाच आहे.

(दृश्य: समुद्रात समांतर चालणाऱ्या दोन युद्धनौका)

2002 पासून दोन्ही नौदलं सागरी सीमारेषेवर संयुक्त गस्त घालतात. वर्षातून साधारण दोनदा. 2022 च्या गस्तीत आपली 'कार्मुक' होती आणि त्यांची 'चूत न्याक दिएन'. हे नाव आचेच्याच एका वीरांगनेचं. डचांशी ती वर्षानुवर्षं लढली. आपापल्या बाजूनं रेषेलगत जायचं, चाचे, तस्कर आणि बेकायदा मासेमारीवर नजर ठेवायची, एकमेकांशी रेडिओवर बोलायचं. काम रटाळ असतं, पण त्यातून दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना एकमेकांची सवय होते. एकेकाळी अंदमानकडे संशयानं पाहणाऱ्या नौदलाच्या नौका आज श्रीविजयपुरमच्या, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरच्या बंदरात येऊन थांबतात. फेब्रुवारी 2023 मध्ये 'सिंधुकेसरी' ही आपली पाणबुडी जकार्ताला पोहोचली. भारतीय पाणबुडीची ती तिथली पहिलीच भेट होती.

आता चीनबद्दल. दक्षिण चीन समुद्रावर हक्क सांगणारी चीनची नऊ तुकड्यांची रेषा इंडोनेशियाच्या नातुना बेटांच्या उत्तरेला त्यांच्या आर्थिक क्षेत्रात, म्हणजे मासेमारीचा हक्क फक्त त्यांचा असलेल्या पाण्यात घुसते. 2017 मध्ये जकार्तानं त्या पाण्याला 'उत्तर नातुना समुद्र' असं नाव देऊन टाकलं. पण हाच चीन त्यांचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार आहे, जकार्ता-बांडुंग वेगवान रेल्वे चीननंच बांधून दिली. 1948 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मोहम्मद हट्टा यांनी देशाचं परराष्ट्र धोरण सांगताना दोन खडकांमधून होडी वल्हवण्याची भाषा वापरली होती. आजही तेच चालू आहे. तेव्हा चीनविरुद्ध आघाडीत या, असं इंडोनेशियाला म्हणणं व्यर्थ आहे. आपणही कुणाच्या आघाडीत जात नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

भारत आणि रशियानं मिळून बनवलेल्या ब्रह्मोस क्षेपणास्त्राची बोलणीही याच चौकटीत पाहावी लागतात. फिलिपिन्सनं जानेवारी 2022 मध्ये करार केला आणि एप्रिल 2024 मध्ये त्यांना पहिली खेप मिळालीसुद्धा. इंडोनेशियाशी चर्चा मात्र त्याच्याही आधी सुरू झाली आणि वर्षानुवर्षं चालली. जकार्ता पैसा, रशियाचा सहभाग, चीनची नाराजी, सगळं तोलून पाहत आलं.

(दृश्य: मतदान केंद्र, मोजणीचा फळा)

14 फेब्रुवारी 2024 ला इंडोनेशियात एकाच दिवसात मतदान झालं. मतदारांची संख्या 20 कोटींच्या वर. कागदी मतपत्रिकेवर खिळ्यानं भोक पाडायचं, बोट शाईत बुडवायचं. मोजणीही त्याच केंद्रावर, लोकांसमोर. एकेक मतपत्रिका उघडून सगळ्यांना दाखवतात, भोक उजेडात धरतात आणि वैध असेल तर जमलेले लोक 'साह!' म्हणून ओरडतात. 1998 पर्यंत हा देश हुकूमशाहीखाली होता.

पण लोकशाही देश म्हणून आपोआप मैत्री होत नाही. कधी कधी उलटंच होतं. 2022 मध्ये इंडोनेशियात खाद्यतेल महागलं, लोक संतापले, आणि सरकारनं 28 एप्रिलला पामतेलाची निर्यातच बंद केली. आपलं सर्वाधिक पामतेल तिथूनच येतं. ती बंदी 23 मेला उठली, तोवर फरसाणवाल्यांपासून साबणाच्या कारखान्यांपर्यंत सगळ्यांचे हिशेब चुकले होते. तिथल्या मतदाराचं सरकारनं ऐकलं, यात तक्रार कसली? पण अशा वेळी आधी कळवण्याची, ठरावीक पुरवठा चालू ठेवण्याची लेखी हमी हवी. आपण तिथून पामतेल आणि कोळसा भरभरून घेतो आणि त्या मानानं विकतो फार कमी. इतक्या एकतर्फी व्यापारावर मोठी सामरिक इमारत उभी राहणं अवघड आहे. औषधं, जहाजदुरुस्ती, रेल्वेची सामग्री यांना तिथे वाट मिळायला हवी.

जानेवारी 2025 मध्ये इंडोनेशियाचे नवे राष्ट्राध्यक्ष प्राबोवो सुबियांतो प्रजासत्ताक दिनाचे पाहुणे म्हणून आले. इंडोनेशियाची लष्करी तुकडी आणि बँड कर्तव्यपथावर चालले. दोन्ही तटरक्षक दलांमध्ये सहकार्याचा करारही झाला.

त्या भेटीच्या संयुक्त निवेदनात एक जुना विषय पुन्हा होता. 1974 मध्ये दोन्ही देशांनी इथल्या समुद्रतळाची सीमा ठरवली, 1977 मध्ये ती वाढवली. पण तळाच्या वरच्या पाण्याची, म्हणजे मासेमारीच्या आर्थिक क्षेत्राची सीमा अजूनही ठरलेली नाही. या गोंधळाची किंमत आचेचे कोळी मोजतात. लाकडी होडी निकोबारच्या बाजूला आली की तटरक्षक दल पकडतं, मग खटला, महिनोन्‌महिने कैद, आणि इंडोनेशियाच्या वकिलातीची धावपळ. क्षेपणास्त्राचे, बंदराचे करार चालू राहोत. पण दोन मित्रदेशांत ही एक रेषा पन्नास वर्षं अर्धी राहावी, याला काही कारण नाही. पुढच्या शिखर बैठकीत दिल्लीनं आणि जकार्तानं सर्वांत आधी या रेषेवर सह्या कराव्यात, आणि तोवर पकडलेल्या कोळ्यांना किती दिवसांत घरी पाठवायचं ते लेखी ठरवावं.