साठ वर्षांची साधना आणि एक सुई

श्रोतेहो, नमस्कार.

घरातलं एखादं पोर मोबाईलवर अंगठा फिरवत तासन्‌तास बसलेलं दिसतं, मध्येच हसतं, मध्येच दचकतं. ते दर वेळी रील्सच बघत असेल असं नाही. पुष्कळदा ते वेबटून वाचत असतं. वेबटून म्हणजे मोबाईलसाठी काढलेली रंगीत चित्रकथा. तिची पानं उलटायची नसतात, वरून खाली उतरत जायचं असतं. कोरियातून आलेल्या अशाच एका चित्रकथेबद्दल आज बोलणार आहे. नाव 'नॅनो मशीन'. हानजुंग वोल्या या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची ही मूळ वेबकादंबरी. तिची चित्रकथा २०२० साली नेव्हर वेबटून या कोरियन संकेतस्थळावर सुरू झाली. मला ती आवडते आणि तिचा मनापासून रागही येतो. गंमत म्हणजे दोन्हींचं कारण एकच आहे.

आधी हे जग कुठलं, ते सांगतो. कोरियात याला मुरिम म्हणतात. चिनी तलवारबाज वीरांच्या कथांमधून ते तिथे आलं. हाँगकाँगचे लेखक जिन योंग यांच्या कादंबऱ्यांनी १९८० च्या दशकात कोरियन वाचकांना वेडच लावलं होतं. या जगात मनगटापेक्षा श्वासाला किंमत जास्त. नाभीच्या खाली दानजॉन नावाचं एक स्थान मानलेलं आहे. श्वासाचा अभ्यास करून तिथे बळ साठवायचं आणि मग ते अंगभर खेळवायचं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातलं कुंडलिनीचं वर्णन ज्यांनी ऐकलंय, त्यांना हे फारसं परकं वाटणार नाही. आता खरी मेख अशी की हे बळ मोजतात वर्षांत. साठ वर्षांचा एक फेरा म्हणजे एक गाप्जा. अमक्याच्या अंगात एक गाप्जा बळ आहे, याचा अर्थ साठ वर्षं साधना केल्यावर जेवढं येतं तेवढं. या दुनियेत काळ हेच चलन आहे. औषधी गोळ्या, दुर्मीळ मुळ्या, गुरूने मरता मरता दिलेली शक्ती, या सगळ्या गोष्टी कथेत येतात त्या ही साठ वर्षं वाचवायला.

आणि इथे विज्ञानकथा शिरते. कथेचा नायक चॉन योउन हा मागयो, म्हणजे 'सैतानी पंथ', अशा नावाच्या पंथाच्या प्रमुखाचा मुलगा. आईला घराण्याचं पाठबळ नव्हतं, आणि आता तर ती हयातही नाही. पंथातल्या सहा बलाढ्य घराण्यांना हा वारसदार नकोच आहे. जीव धोक्यात असताना भविष्यातून त्याचा एक वंशज येतो, त्याच्या अंगात नॅनो यंत्र टोचतो आणि निघून जातो. पणतवंडाने पणजोबाला दिलेला हा वारसा! इस्टेट उलट्या दिशेने आलेली मी तरी दुसरीकडे वाचली नव्हती.

नायक मागयोचा आहे, ही लेखकाची पहिली चलाखी. एरवी या प्रकारच्या कथांत मागयो म्हणजे खलनायकांची टोळी. या कल्पनेच्या मुळाशी थोडा इतिहासही आहे. तिसऱ्या शतकात इराणी साम्राज्यात होऊन गेलेल्या मानी या धर्मसंस्थापकाचा पंथ मध्य आशियातून चीनमध्ये पोहोचला होता. सोंग राजवटीतले अधिकारी अशा पंथीयांना 'शाकाहारी सैतानपूजक' म्हणून हिणवत. कादंबरीकारांनी त्यातून आपल्याला हवा तसा काळा पंथ घडवला. तेव्हा 'नॅनो मशीन' वाचताना आपण पहिल्यापासून दुष्टांच्या घरात राहतो, आणि तिथेही शाळा, परीक्षा, वशिला आणि कोंडी सगळं तसंच असतं. पंथाच्या या शाळेचा, म्हणजे अकादमीचा, भाग मला सगळ्यात सरस वाटतो.

त्यातही ग्रंथालयाचे प्रसंग. युद्धविद्येच्या पोथ्या विद्यार्थ्यांना ठरावीक वेळच बघायला मिळतात. बाकीची मुलं एखादी पोथी निवडून घाम गाळत बसतात. योउन मात्र भराभर पानं उलटत सुटतो, कारण नॅनो, म्हणजे अंगातलं ते बोलकं यंत्र, सगळं टिपून घेतोय. बघणाऱ्यांना वाटतं, पोरगं वैतागलंय. पुढे तीच विद्या त्याच्या हातून अचूक उतरते तेव्हा गुरुजन हादरतात आणि आपापल्या परीने अर्थ लावतात. कुणाला तो अलौकिक प्रतिभेचा वाटतो, कुणाला वाटतं की याचा कुणी गुप्त गुरू असणार. खरं काय ते त्याला आणि आपल्याला, दोघांनाच ठाऊक. हा लपंडाव लेखकाला फार छान जमलाय. चित्रकाराचीही त्याला साथ आहे. उभ्या पट्टीचा फायदा घेऊन तलवारीचा एकेक वार असा लांबच लांब खाली उतरतो की अंगठा आपोआप वेग घेतो.

आता रागाकडे येतो. नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचून वाढलेल्या वाचकाची एक खोड असते, तो हिशेब मागतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपली तांबडी रक्तपेशीच सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते. शरीरात फिरणाऱ्या चिमुकल्या यंत्राची कल्पना रिचर्ड फाइनमन यांनी १९५९ च्या एका व्याख्यानात मांडली होती, आणि रेणूंपासून यंत्रं बनवणाऱ्या तिघांना २०१६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा कल्पना पोकळ नाही. पण एका रात्रीत स्नायू नव्याने बांधायचे तर ऊर्जा कुठून आणणार? त्यातून निर्माण होणारी उष्णता कुठे जाणार? कथा तिथे थांबतच नाही. नॅनो म्हणतो 'करू का?', योउन म्हणतो 'कर', आणि काम फत्ते.

शास्त्राची ही ढिलाई मी माफ करीन. मला बोचतं ते वेगळंच. ज्या जगात काळ हेच चलन आहे, तिथे एकाच्या हातात नोटा छापायचं यंत्र आलं. मग बाकीच्यांच्या साठ वर्षांचं काय झालं? पहाटे उठून श्वास मोजणाऱ्या त्या म्हाताऱ्या गुरूंना योउन हरवतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी खटकायला हवं होतं. हे मी केलं की त्या यंत्राने? असा प्रश्न त्याला एखाद्या रात्री छळायला हवा होता. इतकी सुंदर कोंडी लेखकाने स्वतःच उभी केली आणि तिला वळसा घालून तो पुढच्या लढाईकडे निघून गेला. नॅनोही शेवटपर्यंत आज्ञाधारक आवाजच राहतो. त्याला स्वतःचा हट्ट नाही, त्याची कधी चूक होत नाही. सोबतीला इतकं हुशार पात्र असून कथेत संवाद असा होतच नाही. निरोप तेवढे येतात.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. स्त्रिया मोजक्याच आहेत. शत्रू दर वेळी त्याच माजाने येतात. डोळे विस्फारलेल्या, तोंड उघडं पडलेल्या प्रेक्षकांची चित्रं इतकी येतात की मी ती आता न बघता सरकवतो. आणि भविष्यातून आलेला तो वंशज? पूर्वजाचं आयुष्य बदललं तर आपण जन्मू की नाही, या प्रश्नाशी त्याचं काही देणंघेणं दिसत नाही. अकादमीच्या लांबलचक पर्वात तो धागा बाजूलाच पडून राहतो.

एवढं बोलूनही, कुणी विचारलं तर मी 'वाच' असंच सांगीन. अकादमीचं पर्व पूर्ण वाचा. पुढे लढायाच लढाया वाटू लागल्या तर खुशाल थांबा, रुखरुख लागणार नाही. आणि घरातलं पोर आधीच पुढे गेलं असेल, तर त्याला एवढंच विचारा, की नॅनो एक दिवस बंद पडला तर योउनच्या अंगात किती गाप्जा उरतील? उत्तरावर वाद होईल. आमच्याकडे झाला, आणि अजून मिटलेला नाही.

नमस्कार.