चीतपटीच्या पलीकडची कुस्ती

मंडळी, आपल्या भागातल्या मुलींनी मातीतून मॅटवर जायचं तर काय करावं, असा आजचा विषय जाहीर झालाय. तिकडे येतोच. पण एक गोष्ट आधी बोलू द्या. आपण पोरींना डाव शिकवतो, हिशेब शिकवत नाही. बेळगावातला आनंदवाडीचा आखाडा असो नाहीतर खानापूरकडची जत्रा, जोड नजरेनं लागते, हलगी कडाडते आणि पाठ मातीला टेकेपर्यंत कुणी जागचं उठत नाही. आत्ता हात वर करायला सांगितले तर या सभागृहातली सगळी मतं चीतपटीलाच पडतील! मॅटवरही चीतपट आहे. पण तिथं तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मधे तीस सेकंद विश्रांती, एवढ्यात सगळं उरकायचं असतं. रिंगणाबाहेर ढकललं तर 1 गुण, ताबा घेतला, म्हणजे समोरचीला खाली पाडून धरलं, तर 2, उचलून पाठीवर आपटलं तर 4. गुणांत दहाचा फरक पडला की कुस्ती तिथंच थांबते.

हा हिशेब बघायचा तर पॅरिस ऑलिम्पिकमधली, 6 ऑगस्ट 2024 ची कुस्ती बघा. 50 किलो गट, पहिलीच फेरी, विनेश फोगट विरुद्ध जपानची युई सुसाकी. सुसाकी टोकियोची सुवर्णविजेती, परदेशी मल्लाकडून तोवर एकदाही न हरलेली. विनेश पुढं जाऊन पट काढतच नव्हती, म्हणजे पायाला धरून पाडायला जातच नव्हती. पंचांनी निष्क्रियतेची ताकीद दिली. ताकिदीनंतरच्या तीस सेकंदांत कुणाचाच गुण झाला नाही, तर समोरच्या मल्लाला एक गुण मिळतो. असा एकेक गुण दोनदा गेला आणि फलक 0-2 झाला. घरी टीव्हीसमोर बसलेले ओरडत असतील, अगं, काहीतरी कर! पण तिचं गणित पक्कं होतं. सुसाकीला पट दिला की दोन गुण जातात, आणि खाली सापडलं की उलटापालटीचे आणखी. त्यापेक्षा एकेक गुण सोडणं स्वस्त. शेवटचे काही सेकंद उरले आणि विनेशनं ताबा घेतला. 2-2. बरोबरी झाली तर ज्याचा डाव मोठ्या गुणाचा तो पुढं, म्हणजे दोन सुट्या गुणांपेक्षा एक दोनचा डाव भारी. जपाननं दाद मागितली, ती फेटाळली, त्याचा एक गुण विनेशला. 3-2.

त्याच दिवशी तिनं युक्रेनच्या ओक्साना लिवाचला आणि उपांत्य फेरीत क्यूबाच्या युस्नेलिस गुझमानला हरवलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर 100 ग्रॅम जास्त! दोन दिवसांच्या गटात दोन्ही सकाळी वजन होतं, ते अंगावरच्या पोशाखासकट, आणि त्यात सूट नाही. वजन चुकलं की आदल्या दिवशीचे विजय पुसले जातात आणि नाव शेवटच्या जागी जातं. विनेशच्या जागी गुझमान अंतिम फेरीत खेळली.

हे इतकं लांबवतो आहे, कारण इथंच आपण चुकतो. विनेशचा गट 53 चा. त्या गटातली भारताची ऑलिम्पिकची जागा अंतिम पंघाल या दुसऱ्या मल्ल मुलीनं 2023 च्या जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन मिळवली, म्हणून विनेश 50 ला उतरली. शरीर कोरडं करून वजन दिलं की कुस्त्यांच्या मधे खाणंपिणं करावंच लागतं, नाहीतर अंगात ताकद राहत नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी विनेशचं वजन मर्यादेच्या दोन किलोहून वर गेलेलं होतं. रात्रभर धावणं झालं, वाफ घेणं झालं, केससुद्धा कापले. पण आधीच सुकलेल्या अंगातून घाम तरी किती निघणार? म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला उपाशी ठेवून खालच्या गटात घालणाऱ्या पालकांना माझं हात जोडून सांगणं आहे: ते करू नका. तिची पाळी थांबते, हाडं कमजोर होतात. तिला वरच्या गटात जाऊ द्या.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. आता जाहीर केलेला विषय भराभर सांगतो.

मातीत पाय अनवाणी असतो आणि माती थोडी सरकते. मॅटवर बूट चिकटून राहतो, अंग वळतं, पाऊल वळत नाही आणि गुडघा जातो. म्हणून पहिले काही महिने डाव कमी आणि पाऊल फिरवण्याचा सराव जास्त. पट काढताना पुढचा गुडघा मॅटवर घासत आत न्यायचा. मातीत ही सवय लागत नाही. लांगेला, म्हणजे लंगोटाला, हात घालायची सवय मोडा, मॅटवर कपडा धरणं चूक आहे. दोन्ही बगलांतून हात घालून मानेमागं अडकवायची पकड महिला कुस्तीत बंदच आहे. ती आपल्या तालमींत सर्रास शिकवतात.

सरावाच्या कुस्तीत घड्याळ लावा आणि फलक लिहायला दुसरी मुलगी बसवा. "दोन गुणांनी मागे, चाळीस सेकंद बाकी" अशी स्थिती मुद्दाम द्या. 2016 ला रिओत साक्षी मलिक कांस्याच्या कुस्तीत 0-5 अशी मागे होती, शेवटी 8-5 नं जिंकली.

कोल्हापुरात सराव करायचा असला तरी महाराष्ट्र की कर्नाटक, कुठल्या राज्यातून खेळणार ते लवकर ठरवा. राष्ट्रीय स्पर्धेची वाट राज्याच्या निवडचाचणीतूनच जाते. आणि तालमीत एक काटा ठेवा, ग्रॅम दाखवणारा. रोज सकाळी, त्याच वेळी, काही खाण्याआधी वजन करा आणि वहीत लिहून ठेवा.