कोळ्याच्या पापुद्र्यातला सूर

आधी नुसता आवाज ऐका. लाकडी पट्टीवर काठी पडते, सूर उमटतो, आणि त्याच्या मागोमाग भुंगा गुणगुणावा तशी एक घरघर रेंगाळत राहते.

हे जिल. घानाच्या वायव्य भागातल्या लोबी आणि दगारा लोकांचं वाद्य. पट्ट्यांखाली लहानमोठे भोपळे टांगलेले दिसतायत ना? त्या भोपळ्यांना बारीक भोकं पाडतात, आणि भोकांवर कोळ्याच्या अंड्यांच्या पिशवीचा पापुद्रा चिकटवतात. पट्टी वाजली की पापुद्रा थरथरतो. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून आपण जवारी लावतो, तेव्हा कान ज्याची वाट बघत असतो, तेच हे. तिथे या घरघरीशिवाय सूर पुरा होत नाही.

मयताच्या वेळी जे वाजतं ते को-जिल. तिथल्या भाषांमध्ये शब्दाचा अर्थ आवाजाच्या चढउतारावर ठरतो, त्यामुळे जाणत्यांना धून ऐकूनच बोल कळतात. वाद्य बोलतं आणि माणसं रडतात, नाचतातही. ज्वारीला मोड आणून, आंबवून केलेली बिअर जमलेल्यांमध्ये फिरते.

स्टॉकहोमचा ड्रमवादक बेंग्ट बर्गर, जन्म 1942. भारतात येऊन तो तबला आणि मृदंगम शिकला, मग घानात जाऊन को-जिल शिकला. स्वीडनला परतल्यावर त्याने जो वाद्यवृंद उभा केला त्याचं नाव, बिटर फ्युनरल बिअर बँड. मयताची कडू बिअर!

याच नावाचं ध्वनिमुद्रण 1981 मध्ये स्टॉकहोमला झालं आणि पुढच्या वर्षी म्युनिकच्या ईसीएम कंपनीने ते प्रसिद्ध केलं. डझनभर वादक. स्वीडनच्या लोकसंगीतात ज्याचा मान सर्वांत मोठा, ते व्हायोलिन आहे, सॅक्सोफोन आहेत, चेलो आहे. ख्रिस्टर बोथेन तर मालीत जाऊन शिकारी लोकांचं तंतुवाद्य शिकून आलेला. आणि डॉन चेरी, अमेरिकेचा जॅझ ट्रम्पेटवादक. दक्षिण स्वीडनमधल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्याने बिऱ्हाड थाटलं होतं. त्याचा पॉकेट ट्रम्पेट इतका आटोपशीर, की दोन तळहातांत मावेल.

मला हा बँड मोलाचा वाटतो तो एका गोष्टीसाठी. आफ्रिकेचा ठेका चवीपुरता भुरभुरायचा आणि वर आपलंच गाणं वाजवायचं, असं इथे होत नाही. को-जिल मधोमध बसतं, आणि बाकीचे मयताला यावेत तसे एकेक करून जमतात. व्हायोलिन सूर धरून ठेवतं. ट्रम्पेट हाक मारतो, थांबतो, पुन्हा हाक मारतो. घाई कुणालाच नाही.

1982 मध्ये फ्रँकफर्टच्या मंचावर त्यांच्यात आणखी एक जण येऊन बसला: सरोदवादक के. श्रीधर. एका बाजूला सरोदच्या तरफेच्या तारा झंकारतायत, दुसऱ्या बाजूला कोळ्याचा पापुद्रा थरथरतोय.

आता निवेदन थांबवतो. ऐका.